ट्रंक रेडिओ सिस्टीमसाठी स्कॅनर प्रोग्रॅम कसा करायचा (सीबीएस स्टँडच्या भाषेत)

डिसेंबरात एका रात्री साडेदहाला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, त्याच्याकडं दुपारचे बारा. पोरगं मिशिगनमध्ये ॲन आर्बरला असतं. पोलीस, फायर ब्रिगेडसारख्या खात्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा एक काळा डबा हातात धरून म्हणाला, "मामा, स्कॅनर घेतलाय सेकंडहँड, चाळीस फ्रिक्वेन्सी हातानं टाइप केल्या, पण एक वाक्य धड ऐकू येईना. अर्धं बोलणं येतंय, मग नुसतीच घरघर." मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून तोंड धुवायच्या बेतात होतो, पण हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स घेतल्यापासनं रेडिओ म्हटलं की माझी झोप उडती. पुढचे चार रविवार आमचे त्यातच गेले. तेव्हा जे त्याला समजावलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण अमेरिकेत गेलेली आपली लई पोरं हा नाद करतात आणि मराठीत यावर सापडत काहीच नाही.

आधी इथल्यांसाठी एक स्पष्ट सांगतो, मग कुणी म्हणू नका की सांगितलं नव्हतं. आपल्याकडं १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासनं परवान्याशिवाय वायरलेस सेट बाळगणं हा गुन्हा धरला जातो, नंतर २०२३ चा टेलिकॉम कायदा आला तरी मोकळीक मिळाली असं समजू नका. पोलिसांचं, फायर ब्रिगेडचं बोलणं घरी बसून ऐकायचं हे कोल्हापुरात चालत नाही, विषय संपला. त्यामुळं भाच्याला "येताना मला पण एक घेऊन ये" असं मी म्हटलेलं नाही, तुम्ही पण म्हणू नका. इथं ज्याला नाद आहे त्यानं हॅमची परीक्षा द्यावी आणि कायदेशीर बँडवर मजा करावी. खालचं सगळं अमेरिकेतल्या स्कॅनरचं आहे.

आता मुद्दा. भाच्याचं चुकलं कुठं, तर तो फ्रिक्वेन्सी ऐकायला बघत होता. ट्रंक सिस्टीममध्ये फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नसती.

आपलं कोल्हापूरचं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड, डोळ्यासमोर आणा. समजा प्रत्येक गावाला कायमचा फलाट दिलाय, गारगोटी १, आजरा २, मलकापूर ३. गारगोटीची एसटी तासाला एक, बाकी वेळ फलाट १ मोकळा, आणि आजऱ्याच्या तीन गाड्या एकदम आल्या की बोंबाबोंब. जुन्या पद्धतीचा रेडिओ असाच, एका खात्याला एक फ्रिक्वेन्सी. आता दुसरी पद्धत. फलाट कुणाचाच नाही, चौकशी खिडकीतला माणूस माइकवर ओरडतो, "गारगोटी फलाट ५ वर, गारगोटी फलाट ५!" आणि गारगोटीवाले पिशव्या उचलून ५ कडं पळतात. पुढची गारगोटी कदाचित २ वर लागेल. ही झाली ट्रंकिंग. फलाट म्हणजे फ्रिक्वेन्सी, गारगोटीवाले म्हणजे टॉकग्रुप (आपसात बोलणाऱ्या रेडिओंचा एक गट), आणि माइकवरचा माणूस म्हणजे कंट्रोल चॅनल. तो चोवीस तास ओरडतच असतो, फक्त आवाजात नाही तर डेटामध्ये, आणि भाच्याला ऐकू येणारी घरघर ती हीच. चाळीस फलाटांवर आळीपाळीनं कान लावला तर गारगोटीचं अर्धं बोलणं ५ वर सापडणार आणि उत्तर २ वर गेलेलं असणार. ट्रंकिंग स्कॅनर काय करतो, तर माइकवाल्याला ऐकत बसतो आणि तुम्ही सांगितलेल्या गावाचं नाव आलं की त्या फलाटाकडं पळतो, बोलणं संपलं की परत खिडकीशी.

एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, खरंच.

आता कुठली सिस्टीम आहे ते बघायचं, कारण प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाला भरायची माहिती वेगळी लागती. अमेरिकेत सरकारी खात्यांमध्ये सध्या पी२५ या डिजिटल पद्धतीचं राज्य आहे. यात सुख असं की फक्त कंट्रोल चॅनलच्या फ्रिक्वेन्सी भरल्या तरी पुरतं, बोलण्याच्या फ्रिक्वेन्सी कुठल्या ते माइकवाला स्वतःच सांगतो. जुनी मोटोरोलाची टाइप २ सिस्टीम कुठं कुठं अजून तग धरून आहे. ईडॅक्स आणि एलटीआर या प्रकारांत मात्र गोची आहे, तिथं सगळ्या फ्रिक्वेन्सी भराव्या लागतात आणि त्या पण नेमक्या क्रमानं, कारण सिस्टीम हवेत फ्रिक्वेन्सी सांगत नाही, "चॅनल नंबर ३" एवढंच सांगती. त्या नंबराला एलसीएन म्हणतात. तुमच्या यादीत ३ नंबरला चुकीचा फलाट असला की स्कॅनर आजऱ्याच्या गर्दीत गारगोटी शोधत बसतो. एलटीआरला तर वेगळा माइकवालाच नाही, प्रत्येक फलाटावर दबक्या आवाजात माहिती चालू असती.

पी२५ मध्ये पण दोन पिढ्या आहेत. फेज १ मध्ये एका १२.५ किलोहर्ट्झ चॅनलवर एक बोलणं, फेज २ मध्ये त्याच चॅनलचे वेळेचे दोन तुकडे करून दोन बोलणी. गंमत अशी की फेज २ च्या सिस्टीममध्ये पण कंट्रोल चॅनल फेज १ चाच असतो. म्हणून जुना स्कॅनर, उदाहरणार्थ युनिडेन कंपनीचा बीसीडी ३९६ एक्सटी, तिथं टॉकग्रुपचा नंबर झ्याक दाखवतो आणि आवाज काही देत नाही, आणि माणूस प्रोग्रॅमिंगमध्ये चूक शोधत रात्र काढतो. सेकंडहँड घेताना हे आधी विचारा. भाच्याचा बीसीडी ३२५ पी २ निघाला, त्याला दोन्ही चालतं, मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले.

माहिती काढायची रेडिओरेफरन्स या वेबसाइटवरनं. राज्य निवडा, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) निवडा, खाली ट्रंक सिस्टीमची यादी येती. मिशिगनमध्ये राज्यभर एकच मोठी सिस्टीम आहे, एमपीएससीएस नावाची, दोनशेच्या वर टॉवर. ते पान उघडलं की पहिल्यांदा माणूस घाबरतो कारण आकड्यांचं जंगल आहे. त्यातनं दोनच गोष्टी वहीत उतरवायच्या.

पहिली, साइट. साइट म्हणजे एक स्टँड समजा. कोल्हापुरात सीबीएस आहे, रंकाळा स्टँड आहे, संभाजीनगर स्टँड आहे, प्रत्येकाचा माइकवाला वेगळा आणि तो आपल्याच स्टँडवरच्या गाड्या ओरडतो. तुम्हाला जो टॉवर ऐकू येतो त्याच साइटच्या फ्रिक्वेन्सी घ्यायच्या. तिथं लाल अक्षरात असतात ते मुख्य कंट्रोल चॅनल आणि निळ्यात असतात ते पर्यायी. लाल आणि निळे दोन्ही भरा, कारण माइकवाला अधूनमधून खिडकी बदलतो, आज या फ्रिक्वेन्सीवर तर उद्या दुसऱ्या. काळे सोडून द्या, पी२५ ला ते लागत नाहीत.

दुसरी, टॉकग्रुप. यादीत डेसिमल नंबर आणि हेक्स नंबर असे दोन रकाने असतात, स्कॅनरला डेसिमल द्यायचा. शेजारी मोडचा रकाना असतो तो नीट वाचा, इथंच लोकांचे तासन् तास वाया जातात. डी म्हणजे डिजिटल, टी म्हणजे फेज २ चं टीडीएमए, ते वर सांगितलेले वेळेचे तुकडे. त्याच्या शेजारी छोट्या लिपीतला इ असेल तर बोलणं कधीकधी एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होतं, आणि मोठ्या लिपीतला इ असेल तर कायमचं एन्क्रिप्टेड. कायमचं कुलूप असलेल्याकडं बघू पण नका, कुठलाही स्कॅनर ते उघडत नाही, आणि कुणी "सेटिंग सांगतो" म्हणून पैसे मागितले तर तो थापा मारतोय. न्यूयॉर्क, शिकागोसारख्या मोठ्या शहरांच्या पोलिसांनी आपलं बोलणं कुलपात घालायला सुरुवात केली आहेच, त्यामुळं स्कॅनर विकत घेण्याच्या आधी आपल्या गावाचा हा रकाना बघा. नाहीतर एवढे डॉलर घालून डबा आणायचा आणि त्यावर हवामानाच्या बातम्या ऐकायच्या.

आता हातात स्कॅनर घ्या. रचना अशी आहे की वर सिस्टीम, तिच्या पोटात एकीकडं साइट आणि दुसरीकडं ग्रुप, आणि ग्रुपच्या पोटात चॅनल. इथं ग्रुप म्हणजे नुसतं कपाट, 'फायर', 'रस्ते', असं आपलं आपण नाव द्यायचं. टॉकग्रुप नंबर जातात ते चॅनलमध्ये. या नावांमुळं भाच्याचा दोनदा घोळ झाला, त्यानं ग्रुपलाच टॉकग्रुप समजून नावात नंबर लिहिले आणि आत काहीच नाही.

मेनूमध्ये जाऊन प्रोग्रॅम सिस्टीम, मग न्यू सिस्टीम. प्रकार विचारल्यावर पी२५ मधला ट्रंकिंगचा निवडायचा. हा एकदा निवडला की नंतर बदलता येत नाही, चुकला तर सिस्टीम पुसून नवी करायची, म्हणून घाई नको. नाव द्या. मग एडिट साइटमध्ये जाऊन न्यू साइट, तिला टॉवरचं नाव द्या, आणि सेट फ्रिक्वेन्सीमध्ये वहीतले लाल-निळे आकडे एकेक करून भरा. समजा ८५१.०१२५ असेल तर चारही दशांश भरा, ८५१.०१ वर थांबू नका. मोड्युलेशनला हात लावू नका, ऑटो बरं असतं. साइटला एक क्विक की द्या, म्हणजे पुढं एक बटन दाबून ती साइट चालू-बंद करता येती. मग एडिट ग्रुप, न्यू ग्रुप, त्यालाही क्विक की, आणि आत न्यू चॅनल करून टॉकग्रुप नंबर टाका, नाव द्या, पुढचा. पहिल्या दिवशी दहा-बारा बास. सगळं राज्य एका रात्रीत भरायला जाऊ नका, कोल्हापुरी मिसळीचा पहिलाच घास तर्रीनं भरलेला घेतल्यासारखं होतं.

एक सेटिंग आहे आयडी स्कॅन की आयडी सर्च. स्कॅन म्हणजे फक्त तुम्ही भरलेले टॉकग्रुप, सर्च म्हणजे माइकवाला ज्याचं ज्याचं नाव घेईल ते सगळं. पुस्तकात काहीही लिहिलेलं असू दे, माझं म्हणणं पहिले दोन-तीन दिवस सर्चवर ठेवा. कारण साइट बरोबर लागली का हे त्यातनंच कळतं, आणि आपल्या भागात नक्की कोण बोलतंय ते पण. रेडिओरेफरन्सच्या यादीत चारशे टॉकग्रुप असले तरी तुमच्या टॉवरवर रोजचे वीस-पंचवीसच निघतात. ते वहीत लिहा, चॅनलमध्ये भरा, मग स्कॅनवर जा. नको ते नंबर लॉकआउट करा, म्हणजे स्कॅनर ते वगळतो. डिले दोन सेकंद ठेवा म्हणजे प्रश्न ऐकल्यावर उत्तर यायच्या आत स्कॅनर दुसरीकडं पळणार नाही.

हातानं भरणं एकदा तरी करा असं मी मुद्दाम म्हणतो, रचना डोक्यात बसती. पण पुढं कॉम्प्युटरच वापरा, या मॉडेलला फ्रीस्कॅन नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालतं, यूएसबी केबल लावायची, आधी स्कॅनरमधलं सगळं वाचून फाइल सेव्ह करायची आणि मगच काही लिहायचं. भाच्यानं ही पायरी गाळली, रिकामी फाइल स्कॅनरवर लिहिली आणि दीड तासाचं टायपिंग गेलं. दोघं पण पाच मिनिटं गप्प बसलो होतो व्हिडिओवर. थेट डेटाबेसवरनं उतरवून घ्यायचं असेल तर रेडिओरेफरन्सची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप लागती.

आता भरलं सगळं आणि तरी आवाज नाही, हा लेखातला सगळ्यात मोठा भाग, कारण खरी मारामारी इथंच आहे.

स्क्रीनवर स्कॅन करायला काहीच नाही अशा अर्थाचं आलं तर नव्वद टक्के क्विक की बंद आहे. साइटची आणि ग्रुपची, दोन्ही चालू पाहिजेत. आमचं पहिलं विघ्न हेच.

स्कॅनर फिरतोय पण टॉकग्रुप नंबरच दिसत नाही, तर कंट्रोल चॅनल ऐकू येत नाही. एक फ्रिक्वेन्सी साध्या चॅनलसारखी हातानं लावून बघा. पिठाची गिरणी लांबनं ऐकू यावी तशी न थांबता घरघर आली तर माइकवाला तिथं आहे. शांतता असेल तर पुढची लावा. एकावरही नसेल तर चुकीची साइट घेतलीय, नकाशात जवळचा दिसणारा टॉवर आणि प्रत्यक्षात चांगला येणारा टॉवर हे कायम एकच असतात असं नाही.

नंबर दिसतोय, आवाज नाही, तर कुलूप किंवा फेज २ चा मामला, वर सांगितलंच.

आणि नंबर दिसतोय, सिग्नलच्या काड्या फुल्ल, पण आवाज रोबोट बुडबुडल्यासारखा तुटतोय, हा आजार सिमलकास्टचा. शहरी काउंटीत पाच-सहा टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तेच बोलणं सोडतात. जोतिबाच्या यात्रेत चार खांबांवर चार कर्णे लावलेत आणि तुम्ही मधोमध उभे, प्रत्येक कर्ण्याचा आवाज थोडा पुढंमागं कानावर येतो आणि शब्द कळत नाही, डिट्टो तेच. पोलिसांचे स्वतःचे रेडिओ हे सांभाळायला बनवलेले असतात, आपला स्कॅनर नाही. यात गंमत म्हणजे मोठा अँटेना लावला की त्रास वाढतो, कारण आणखी टॉवर ऐकू यायला लागतात. भाच्यानं नेमकं तेच केलं होतं, गच्चीवरचा अँटेना विकत आणून. उपाय उलटा आहे. साइटमधलं ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारं सेटिंग) चालू करा, अँटेना छोटा करा, स्कॅनर खिडकीपासनं हलवून असा ठेवा की एकाच टॉवरचा आवाज वरचढ राहील. आम्ही घरातल्या घरात अर्धा-अर्धा फूट सरकवत शेवटी फ्रिजच्या मागच्या भिंतीपाशी जागा शोधली, तिथं फ्रिज आडवा येऊन बाकीचे टॉवर मंदावले आणि आवाज एकदम सुटसुटीत. त्याच्या बायकोनं त्याला विचारलं असणार हे काय चाललंय, ते मी ऐकलं नाही. पैसे असतील तर युनिडेनचा एसडीएस १०० घ्या, २०१८ ला आला तो, त्याचा रिसीव्हरच वेगळ्या पद्धतीचा आहे आणि सिमलकास्टला तो बऱ्यापैकी पुरून उरतो. पण तो महाग, आणि फ्रिज घरात आधीच असतो.

अँटेनाचं गणित पण सांगून ठेवतो. पाव लहरीचा अँटेना पाहिजे असेल तर ७५ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये. ८६० ला साधारण पावणेनऊ सेंटिमीटर, ७७० ला पावणेदहाच्या आसपास. एवढ्या तारेचा तुकडा कनेक्टरला लावला की सोबत आलेल्या जाड रबरी अँटेनापेक्षा ८०० च्या बँडला अनेकदा बरा चालतो.

डबा नको पण नाद पाहिजे अशांना दुसरा रस्ता आहे, कॉम्प्युटरला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि एसडीआरट्रंक सॉफ्टवेअर. एक डोंगल एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा बघतो, त्यात साइटच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी बसल्या तर एकाच वेळी चार-पाच बोलणी वेगवेगळी रेकॉर्ड करता येतात, जे स्कॅनरला जमत नाही. नाही बसल्या तर दोन डोंगल लावायचे. शिकायला हा प्रकार लई भारी, कंट्रोल चॅनलवर माइकवाला काय काय ओरडतो ते ओळीनं स्क्रीनवर वाचता येतं. आणि हो, कानानं नाही पण डोळ्यानं बघितलं की एक गोष्ट पटती, जी मी भाच्याला तोंडानं सांगून पटली नव्हती: एखादा टॉकग्रुप तुमच्या टॉवरवर तेव्हाच येतो जेव्हा त्या ग्रुपचा निदान एक रेडिओ त्या टॉवरशी जोडलेला असतो. रंकाळा स्टँडवर आजऱ्याचा एकही प्रवासी नसला तर तिथला माइकवाला आजरा कशाला ओरडेल? त्यामुळं काल ऐकू आलेलं खातं आज गायब झालं तर प्रोग्रॅमिंग उसकटत बसू नका, त्यांची गाडी दुसऱ्या टॉवरखाली गेली असंल.

गाडीत नेणाऱ्यांसाठी, अमेरिकेत घरी ऐकणं बहुतेक ठिकाणी चालतं पण न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा अशा राज्यांत पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी घेणारा स्कॅनर गाडीत ठेवण्यावर बंधनं आहेत. ॲन आर्बरहून शिकागोला गाडीनं जाताना इंडियाना मधे लागतंच, तेव्हा भाच्याला सांगून ठेवलंय, तो डबा घरीच. आणि ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्झ लावायला गेला आणि लागेना, तर बिघाड नाही, तो मोबाइलचा पट्टा आहे, १९९४ पासनं तिकडं विकायच्या स्कॅनरमध्ये तो बंदच ठेवावा लागतो.

चौथ्या रविवारी त्यानं फोन स्कॅनरपाशी धरला. बर्फ पडत होता, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर कुणाला तरी सांगत होता की मीठ संपत आलंय, परत भरायला येतो, आणि पलीकडनं "ठीक आहे, ये" एवढंच उत्तर. प्रश्न एका फ्रिक्वेन्सीवर, उत्तर दुसऱ्या, आणि मधे एक शब्द तुटला नाही. "मामा, गारगोटी लागली बघ फलाटाला," भाचा म्हणाला. मी त्याला म्हटलं आधी फाइल सेव्ह कर.